मेसचं रजिस्ट्रेशन काढता काढता ऍप्रन बांधायला शिकले

लातुरात दुकानात जाऊन नुसतं "ऍप्रन द्या" म्हणलं की काय होतं ते आधी सांगते. दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "मुलगा का मुलगी? साईज काय?" मी म्हणलं मलाच पाहिजे. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली आणि फुल बाह्यांचा पांढराशुभ्र कोट काउंटरवर टाकला, डॉक्टर घालतात तो. "मॅडम कोणत्या कॉलेजला शिकवता?" म्हणलं भाऊ, मॅडम नाही, मेस चालवते, स्वयंपाक करताना घालायचा पाहिजे. "अच्छा, तो व्हय! तो नाही ठेवत आम्ही. तो इथं कोण घालतंय?"

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. लातूर पॅटर्नच्या गावात ऍप्रन म्हणजे एमबीबीएस, दुसरा अर्थच नाही. माझ्याकडं जेवायला येणाऱ्या पोरापोरींतल्या निम्म्यांच्या मोबाईलवर पांढऱ्या ऍप्रनचा फोटो असतो, वही उघडली की पहिल्या पानावर पण तोच. आणि त्यांची काकू चाळिशी उलटल्यावर दुसरा ऍप्रन शोधत गंजगोलाईच्या बाजारात हिंडायली. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातले मी सहा-सात तरी पालथे घातले असतील.

हे लिहायचं कारण असं की २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत मी मेसचं अन्न सुरक्षा रजिस्ट्रेशन काढलं, आणि त्या भानगडीत दोरीची एक साधी गाठ मला सगळ्यात महाग पडली. फॉर्मबिर्मचं कुठंही सापडतं, पण साडीवर ऍप्रन कसा बांधायचा हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या डबे करणाऱ्या, मेस चालवणाऱ्या बाया लई आहेत, त्यांना उपयोग होईल.

आमची मेस ट्यूशन एरियापासून दोन गल्ल्या आत आहे, भाड्याच्या घरात, सहा वर्षं झाली. चौतीस जण जेवतात, दोन वेळचे महिन्याला २८०० रुपये, रविवारी रात्री सुट्टी. आमचे हे मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत, सोयाबीनची आवक सुरू झाली की ते घरात फक्त झोपायला येतात. हाताखाली एक मावशी आहेत, भाकरी-पोळ्या त्यांच्याकडं, बाकी मी. आत्याबाई (माझ्या सासूबाई) भाजी निवडतात आणि लक्ष ठेवतात. कशावर, तर सगळ्यावरच.

११ नोव्हेंबरला एका नवीन मुलीचे वडील आले, परभणीकडचे. जेवण बघितलं, येसर आमटी वाटीभर पिऊन बघितली, आवडली पण. मग जाता जाता म्हणाले, "ताई, तुमचं फूडचं रजिस्ट्रेशन आहे ना?" मी हो पण म्हणलं नाही, नाही पण म्हणलं नाही, असंच काहीतरी पुटपुटले. त्यांनी पोरीला दुसरीकडं लावलं. राग नाही आला, खरं सांगते, लाज वाटली. आपण लोकांच्या लेकरांना जेऊ घालतो आणि आपल्याकडं साधा कागद नाही.

एका एजंटला विचारलं, त्यानं वर्षाचे अडीच हजार सांगितले. अकरावीतलं माझं पोरगं म्हणालं, मम्मी थांब, आपण बघू. तर सरकारी फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती! तेव्हाच्या नियमात वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर लायसन्स लागत नव्हतं, नुसतं रजिस्ट्रेशन पुरायचं, फॉर्म ए भरायचा. मी वहीत हिशेब मांडला, ३४ गुणिले २८०० म्हणजे महिन्याचे ९५ हजार २००, मे महिना रिकामा धरला तर अकरा महिन्यांचे १० लाख ४७ हजार. बसलो आपण बारा लाखांत. (यातले हातात किती उरतात ते विचारू नका.) तेव्हा पाच वर्षांपर्यंत एकदम काढता यायचं, मी पाच वर्षांचंच काढलं, ५०० रुपये ऑनलाईन भरले. फोटो, आधार, लाईट बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र स्कॅन करून लावलं. संमतीपत्रासाठी घरमालकांच्या घरी तीन चकरा झाल्या, तिसऱ्या चकरेला धपाटे बांधून नेले तेव्हा सही मिळाली.

१८ नोव्हेंबरला, सोमवारी, फॉस्कोसच्या, म्हणजे या रजिस्ट्रेशनच्या सरकारी पोर्टलवर अर्ज गेला आणि सतरा आकडी नंबर आला. तो नंबर वहीत लिहून ठेवा, कारण मोबाईलमधले स्क्रीनशॉट नेमके पाहिजे तेव्हा सापडत नाहीत. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, त्या आठवड्यात कुणाला फोन करायची सोयच नव्हती, जो तो इलेक्शन ड्युटीवर. २५ ला पोरानं पोर्टल उघडून बघितलं तर अर्ज परत आलेला. आम्ही धंद्याच्या प्रकारात ट्रेड-रिटेल निवडलं होतं, ते किराणा वगैरे विकणाऱ्यांचं असतं, मेसला फूड सर्व्हिसेसमध्ये जायला पाहिजे. चूक आमचीच होती. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून पाठवला. मेसेज येईल म्हणून वाट बघत बसू नका, दोन दिवसाआड स्वतः लॉगिन करून बघत जा, मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज बाद होतो आणि भरलेली फी पण जाते.

मधल्या काळात मेडिकल उरकून घेतलं. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातनं एकदा तपासणी पाहिजे, डोळे, कातडी, संसर्गाचं काही आहे का ते, आणि टायफॉईडसारख्या पोटाच्या आजाराची लस. मी आणि मावशी गल्लीतल्याच डॉक्टरांकडं गेलो. मावशी आदल्या रात्रभर झोपल्या नाहीत, "मला काय झालंय म्हणून दवाखान्यात न्यायलीस गं?" डॉक्टरांनी नखं बघितली तर हात मागं लपवायल्या. फिट निघाल्या, माझ्यापेक्षा फिट, बीपी पण नॉर्मल, माझं जरा वर होतं.

आणि ऍप्रन. नियमातल्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेचं सगळं दिलंय, स्वच्छ कपडे, डोकं झाकलेलं, नखं कापलेली, अंगावर दागिने नाहीत. तपासणीला येतील म्हणून मी आधीच तयारीला लागले होते. शेवटी एका भांड्याच्या दुकानात दोन ऍप्रन मिळाले, १८० रुपयाला एक, गुळगुळीत टेरीकॉटसारखं कापड, पुढं मोठ्ठा खिसा आणि खिशावर टोपी घातलेल्या कोंबडीचं चित्र. शाकाहारी मेसला कोंबडी! पण दुसरे नव्हतेच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. ही वेळ माझ्या डोक्यातनं जात नाही. पोरं आठला येतात. भट्टीवर वरणाचं मोठं पातेलं उकळत होतं, आमची भट्टी खाली, गुडघ्याच्या उंचीवर. मी ऍप्रन गळ्यात अडकवला होता, दोऱ्या मागं नेऊन मावशींकडनं बांधून घेतल्या होत्या आणि मावशींनी बांधली ती गाठ म्हणजे गाठच, पोत्याला मारतात तशी निरगाठ. उरलेल्या दोऱ्यांची टोकं मागं वीतभर लोंबत होती. मी वरणाकडं पाठ करून कांदा घ्यायला वाकले आणि उठताना ते टोक पातेल्याच्या कडीत अडकलं. मला कळलंच नाही. मी वळले, पातेलं कलंडलं, अर्धं वरण भट्टीवर, आणि तांब्याभर तरी माझ्या मांडीवर.

भाजलं त्याच्यापेक्षा पुढचे चार सेकंद वाईट होते. उकळतं वरण कापडात मुरलं आणि ते कापड मांडीला चिकटून बसलं. ऍप्रन काढावा म्हणून हात मागं नेला तर गाठ हाताला लागेना, लागली तर सुटेना, ओढलं तर अजून आवळली. डोक्यावरनं काढायचा तर तेच गरम वरण तोंडावरनं न्यायचं. मी नुसती "मावशी, मावशी" करायले. मावशींनी पोळीचं पीठ लागलेल्या हातानं सुरी घेतली आणि दोरी कापली.

मग पाणी. त्या दिवशी नळाचा वार नव्हता, आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, अंगणात दोन ड्रम भरलेले होते ते पुढचे तीन दिवस पुरवायचे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना लातूरला, त्याच्या आधीचे दोन महिने आम्ही भाज्या धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला वापरलंय, तेव्हापासून कुणी पाणी सांडलं की माझा जीव थोडा होतो. पण त्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः मला मोरीत बसवलं आणि वीस मिनिटं मगानं मांडीवर पाणी ओतत राहिल्या. शेजारीण टूथपेस्ट घेऊन आली होती, ती त्यांनी लावू दिली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, तेच बरोबर केलं, गार पाण्याची धार आणि दुसरं काही नाही. फोड आले तळहाताएवढे, डाग अजून आहे. पोरांना त्या दिवशी पिठलं वाढलं, एकानंही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ऍप्रन घालणं बंद केलं. म्हणलं सहा वर्षं बिनाऍप्रनची गेली, कधी भाजलं नाही, घातला आणि भाजलं. हेच डोक्यात बसलं होतं.

१७ डिसेंबरला, मंगळवारी, अन्न सुरक्षा अधिकारी आले. आदल्या दिवशी फोन आला होता. मला वाटलं होतं दरडावतील, पण माणूस शांत होता. टाकीचं झाकण उचलून बघितलं, कचऱ्याचा डबा झाकणाचा आहे का बघितलं, खिडकीला जाळी लावा म्हणाले, कच्ची भाजी आणि शिजवलेलं वेगवेगळ्या फळीवर ठेवा म्हणाले. मग ऍप्रन कुठंय? मी खुंटीवरचा कोंबडीवाला काढला (दोरी मी परत शिवली होती) आणि घाईघाईनं मागं बांधायला लागले. ते बघत होते. "ताई, गाठ मागं का बांधायल्या?" म्हणलं मग कुठं बांधतात? ऍप्रनची गाठ मागंच असते की, फ्रॉकसारखी. ते हसले नाहीत. म्हणाले, रविवारी एक ट्रेनिंग आहे, फॉस्टॅकचं, म्हणजे अन्न हाताळणाऱ्यांसाठीचं सरकारमान्य, चार तासांचं बेसिक, तिथं या, मावशींना पण आणा. जाळीचा फोटो पोर्टलवर टाका, मग पुढचं करतो.

२२ डिसेंबर, रविवार. एका मंगल कार्यालयाचा हॉल, आम्ही चाळीसेक जण, पाणीपुरीवाले, वडापाववाले, दोन बेकरीवाले, आणि मेसवाल्या बाया आठ-दहा. माणशी ६०० रुपये. मला १२०० काढताना जिवावर आलं होतं. शिकवणारे सर मूळचे उदगीरचे, पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये वीस वर्षं काढलेले. पहिला तासभर जिवाणू आणि तापमान, ५ ते ६० अंश म्हणजे धोक्याचा पट्टा, शिजवलेलं त्याच्यात ताटकळत ठेवायचं नाही, हे सगळं झालं. मग म्हणाले, ऍप्रन कोण कोण घालतं? आठ हात वर. पुढं या आणि बांधून दाखवा. आठही जणांनी मागं बांधला. पाणीपुरीवाल्या पोरानं तर डोळे मिटून बांधला, भारीच वाटलं त्याला. सरांनी मागनं जाऊन त्याच्या दोरीचं टोक खुर्चीला अडकवलं आणि म्हणाले, "हं, चाल आता." खुर्ची घेऊनच चालला. सगळे हसले. मला हसू आलं नाही, मांडीवर हात गेला.

आता सर जे बोलले ते मी जसं शिकले तसं सांगते.

आधी डोकं, मग ऍप्रन, मग हात. केस बांधून टोपी किंवा रुमाल आधी घालायचा, कारण टोपी नंतर घातली तर केस गळून ऍप्रनवर पडतात आणि तिथनं पातेल्यात. ऍप्रन बांधून झाला की मगच हात धुवायचे, कारण बांधताना आपण केस, मान, कंबर सगळ्याला हात लावलेला असतो. मी सहा वर्षं आधी हात धुऊन मग अंबाडा बांधायचे.

गळ्याचा फासा ढिला असला तर वाकलं की ऍप्रनची वरची कड पातेल्यात डोकावते. ती कड गळ्याच्या हाडाखाली चार बोटांवर यायला पाहिजे. फासा लांब असेल तर त्यालाच मानेच्या बाजूला एक गाठ मारून आखूड करायचा, पिन लावायची नाही. पिन म्हणलं की आम्ही सगळ्या मेसवाल्या एकमेकींकडं बघायला लागलो, कारण प्रत्येकीच्या पदराला सेफ्टीपिन होती. सर म्हणाले, पिन उघडून भाजीत पडली आणि लेकराच्या घशात गेली तर? पिना काढा. मग पदर कसा राहणार? तर पदर उजवीकडनं पुढं घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, मोकळं टोक आत, आणि त्याच्यावरनं ऍप्रन. पदर ऍप्रनच्या आत पाहिजे, वर नाही. ऍप्रनची दोरीच मग पट्ट्यासारखी पदराला धरून ठेवते. मी आधी पदर वर काढायचे, ऍप्रनवर पदर छान दिसतो म्हणून! आणि साडी सुतीच, गॅसजवळ नायलॉन-जॉर्जेट नकोच, पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. आपल्यातल्या बऱ्याच जणी गाऊनवरच स्वयंपाक करतात, गाऊन घेरदार असेल तर ऍप्रननं घेर आवळला जातो हा उलट फायदाच आहे.

आता दोऱ्या. दोन्ही दोऱ्या मागं न्यायच्या, पण बांधायच्या नाहीत, पाठीवर एकमेकींवरनं फुली मारायची, डावी उजवीकडं आणि उजवी डावीकडं, आणि परत पुढं आणायच्या. गाठ पोटावर, बेंबीच्या जरा डाव्या नाहीतर उजव्या बाजूला, आपल्याला ज्या हाताची सवय त्या बाजूला. गाठ सुरगाठ. बुटाच्या लेसला मारतो ती, एका टोकाला ओढलं की सुळ्ळकन सुटणारी. लोंबणारे फासे आणि टोकं कमरेच्या दोरीच्या आत वरनं खाली खोचायची, फक्त एक टोक अंगठ्याएवढं बाहेर ठेवायचं, ओढायला. सरांनी प्रत्येकाला एक हात पाठीमागं धरायला लावून दुसऱ्या हातानं ऍप्रन सोडायला लावला. ज्याला एका हातानं तीन सेकंदांत सुटला नाही त्यानं परत बांधायचा. मला पहिल्यांदा सुटला नाही, कारण माझ्या सुरगाठीचं फूल आडवं बसायच्या ऐवजी उभं बसत होतं. तेव्हा कळलं की पहिली अढी डावी उजवीवरनं घातली असेल तर दुसऱ्या वेळी उजवी डावीवरनं न्यायची. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घातलं की फूल तिरपं उभं राहतं, आणि अशी गाठ एकतर काम करता करता ढिली पडते नाहीतर ऐन वेळी आवळून बसते. चाळीस वर्षं परकराच्या नाड्या बांधल्या आणि हे माहीत नव्हतं.

मावशींचं वेगळंच झालं. त्यांनी विचारलं, "सर, मान धरती हो माझी, गळ्यात हे लोढणं कशाला?" चार-चार तास मान वाकवून भाकरी थापणाऱ्या बाईचा प्रश्न बरोबर होता. सर म्हणाले, गळ्याऐवजी खांद्यावरचे पट्टे करा, दप्तरासारखे, पाठीवर फुली मारून, मानेवर वजन येत नाही.

आणि दागिने. बांगड्या काढायच्या, काचेच्या तर शंभर टक्के, अंगठी पण. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, वर ऍप्रन. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भुंड्या हातानं रांधणार का आता?" दोन दिवस बोलल्या नाहीत. मी काय केलं, देवघराशेजारी एक खिळा ठोकला, स्वयंपाकाला जाताना बांगड्या तिथं आणि बाहेर आल्यावर परत हातात. तिसऱ्या दिवशी बघते तर भाजी निवडायला बसताना त्यांच्या पण पाटल्या त्याच खिळ्याला. मी काही बोलले नाही, त्या पण नाही.

शेवटी परीक्षा झाली, सोपी होती, मावशींना प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तरं त्यांनी दिली. सर्टिफिकेट नंतर ऑनलाईन आलं, दोन वर्षं चालतं.

रेडिमेड ऍप्रनची खरी अडचण घरी आल्यावर कळली. त्याच्या दोऱ्या चोवीस इंच, पुढं येतच नाहीत, म्हणूनच सगळे मागं बांधतात! मग गोलाईतनं सुती ड्रिल आणलं, १४० रुपये मीटर, फिक्कट रंगाचं मुद्दाम, डाग दिसला पाहिजे म्हणून. टेलरला माप दिलं, लांबी ३४ इंच म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली, रुंदी २८, आणि कमरेच्या दोऱ्या प्रत्येकी ४० इंच. टेलर म्हणाला, ताई एवढी दोरी कशाला, म्हैस बांधायची का? माझी कंबर साडीवरनं ३८ भरते, बाजूला शिवलेली दोरी पाठ ओलांडून पोटापर्यंत यायला पंचवीस-सत्तावीस इंच जातात, उरलेली गाठीला. तुमच्या मापाचं एकदा साध्या सुतळीनं करून बघा आणि मग टेलरकडं जा. खिसा नाही. खिशात पेन, मोबाईल, चिल्लर काहीतरी जातंच आणि वाकलं की पातेल्यात पडतं. शिलाई ८० रुपये नग. मावशींचे खांद्याच्या पट्ट्याचे, त्याचे १०० घेतले.

किती लागतात? सर म्हणाले माणशी तीन, एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. सरांच्या पुण्यात असेल तसं, आमच्याकडं नळ आठवड्याला, म्हणून मी माणशी पाच केले. रोज बदलायचाच. संडासला जाताना, कचरा टाकायला जाताना, दुकानात कोथिंबीर आणायला जाताना काढून ठेवायचा, हे सगळ्यात अवघड आहे, पहिल्या आठवड्यात मी दोनदा ऍप्रनवरच किराणा दुकानात जाऊन आले. काढताना झटकायचा नाही, मळलेली बाजू आत घेऊन घडी घालायची आणि वेगळ्या बादलीत टाकायचा, घरच्या कपड्यांत नाही. आणि त्याला हात पुसायचे नाहीत. त्यासाठी कमरेला वेगळा नॅपकिन, तो पण ओला झाला की बदलायचा. ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही, पोरं मला टोकतात, "काकू, हात!"

जाळीचा फोटो आम्ही २४ तारखेला टाकला. मग ख्रिसमस, मग शनिवार-रविवार, आणि ३० ला सोमवारी येळवस. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात सगळं बंद, स्थानिक सुट्टी असते, अख्खं गाव शेतात भज्जी आणि आंबील खायला. आम्ही पण दिराच्या शेतात गेलो, घरी न गेलेल्या मेसच्या सात पोरांना पण नेलं. मी मनात म्हणत होते, साहेब पण कुठंतरी आंबील पीत बसले असतील, आपला अर्ज कोण बघतंय.

३ जानेवारी २०२५, शुक्रवारी दुपारी पोरानं कॉलेजमधनं फोन केला, मम्मी आलं. सर्टिफिकेट डाऊनलोड करून कलर प्रिंट काढली, वर १४ आकडी नंबर, लॅमिनेशन करून जेवायच्या खोलीत लावलं, लोकांना दिसेल असं लावावंच लागतं. अर्ज केल्यापासून सत्तेचाळीसाव्या दिवशी. खर्च जोडला, फी ५००, ट्रेनिंग १२००, मेडिकल आणि लसी धरून दोघींचे साधारण १४००, जाळी ६५०, कापड-शिलाई अडीच हजारांच्या पुढं, ते दोन कोंबडीवाले ३६०. मलमाचे वेगळे. म्हणजे एजंटच्या अडीच हजारांपेक्षा जास्तच गेले, पण यातलं एजंट काय काय करून देणार होता ते मला अजून कळलेलं नाही.

कोंबडीवाल्या ऍप्रनचे मी खिसे उसवून फरशी पुसायचे फडके केले. मावशी अजूनही घाईत असल्या की हात मागं नेतात, मग आठवतं, मग पुढं घेतात, तोंडानं "सुरगाठ, सुरगाठ" म्हणत. आत्याबाईंनी मागच्या आठवड्यात टेलरला परस्पर निरोप धाडला, माझ्यासाठी पण एक शिव म्हणून, खांद्याच्या पट्ट्याचा, आणि त्याला मिश्रीच्या डबीपुरता एक खिसा पाहिजे. खिसा चालत नाही हे त्यांना कोण सांगणार, यावर सध्या घरात माझी आणि ह्यांची चर्चा चालू आहे.